पाच तासांच्या आठवड्यात बसवलेली मॅरेथॉन

मॅरेथॉनचं वेळापत्रक बहुतेक जण उलट्या टोकाकडून बनवतात. कुठून तरी अठरा आठवड्यांचा तक्ता उतरवून घ्यायचा, त्यात आठवड्याला साठ किलोमीटर लिहिलेले असतात आणि मग ते साठ किलोमीटर नोकरी, मुलं, प्रवास यांच्या फटींत कोंबायचे. तिसऱ्या आठवड्यात दोन रन बुडतात, चौथ्यात ते भरून काढायच्या नादात पोटरी धरते आणि सहाव्यात तक्ता फ्रिजवर नुसता चिकटून राहतो.

सुरुवात तासांपासून करा. मागचे चार आठवडे डोळ्यासमोर आणा. मनातला आदर्श आठवडा नको, जसे गेले तसे आणा. त्यांतल्या सर्वांत वाईट आठवड्यात जेवढा वेळ निघाला असता, तेवढाच तुमचा पाया. नोकरी-संसार सांभाळणाऱ्या माणसाचा हा आकडा साधारण चार ते सहा तासांत येतो. हे फक्त पाय हलण्याचे तास. बूट चढवणं, घाम पुसणं, आंघोळ आणि घाईत शोधलेला मोजा धरला की दर वेळी वीस-पंचवीस मिनिटं वर जातात. चार रनना दीड तास होतो, आणि तो कुठल्याच तक्त्यात लिहिलेला नसतो.

पुढच्या सगळ्या आकड्यांसाठी एक धावणारा धरू: वजन ७० किलो, हाफ मॅरेथॉन (२१.१ किलोमीटर) २ तास ७ मिनिटांत, आठवड्याला सरासरी पाच तास. गेले तीन-चार महिने आठवड्याला २५ किलोमीटर विनातक्रार होत आहेत आणि सलग १२ किलोमीटर धावून दुसऱ्या दिवशी जिना नीट उतरता येतो. ही शेवटची अट पुरी होत नसेल, तर अठरा आठवडे पुरणार नाहीत. स्पर्धा पुढे ढकला.

आठवड्याची मांडणी

चार दिवस धावायचं. मंगळवारी तासभराचा जोराचा रन, गुरुवारी तासभर आरामात, शनिवारी ३५ मिनिटं अगदी हलकं, रविवारी लाँग रन. मधल्या दोन दिवशी वीस-वीस मिनिटं ताकदीचा व्यायाम. सुट्टीचा वार वेगळा असेल तर सगळं सरकवा, फक्त जोराचा रन आणि लाँग रन यांच्यात किमान एक हलका किंवा रिकामा दिवस राहू द्या. पहिले तीन मिळून २ तास ३५ मिनिटं होतात. लाँग रनला सरासरी २ तास २० मिनिटं धरली, की पाच तासांचा हिशेब बसतो.

मंगळवारचा रन असा: १५ मिनिटं हळू, मग १० मिनिटांचे तीन टप्पे 'टेम्पो'च्या पेसने (पेस म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ), मध्ये दोन-दोन मिनिटं जॉगिंग, शेवटी १० मिनिटं हळू. एकूण ५९ मिनिटं. टेम्पो म्हणजे जो पेस जेमतेम तासभर टिकेल तो. आपल्या धावणाऱ्यासाठी किलोमीटरला ५:४५ ते ५:५५. तीन-चार शब्दांचं वाक्य तोंडातून निघतं, पूर्ण वाक्य निघत नाही. पहिल्या चार आठवड्यांत दहाऐवजी सहा मिनिटांचेच टप्पे घ्या. तिसरा टप्पा पहिल्यापेक्षा हळू पडला, तर पहिलाच जास्त जोरात गेला होता असं समजा.

शनिवारच्या रनच्या शेवटी २० सेकंदांचे पाच-सहा स्ट्राइड्स. वेग वाढवत न्यायचा, पण दात-ओठ खायचे नाहीत, आणि दोन स्ट्राइड्समध्ये दम पूर्ण जागेवर येऊ द्यायचा. रोज हळू धावून पाय घासत चालायची सवय लागते, ती यातून सुटते.

हळू म्हणजे किती हळू

वेळ कमी असणाऱ्यांच्या डोक्यात एक तर्क हमखास येतो: रन मोजकेच आहेत, तर प्रत्येक रन जोरात करू, म्हणजे भरपाई होईल. ऐकायला पटतो, आणि तयारी इथेच बिघडते. ना धड हळू, ना धड जोरात अशा मधल्या पेसने धावलं की थकवा टेम्पोच्या जवळपास येतो आणि टेम्पोचा फायदा मात्र मिळत नाही. मंगळवारी पाय जड, रविवारी बाविसाव्या किलोमीटरला पेस गळालेला, आणि कारण सापडत नाही. कारण कुठलाही एक रन वाईट गेलेला नसतो.

स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट होणं, पेशींमध्ये मायटोकॉन्ड्रिया वाढणं, चरबी जाळायची क्षमता सुधारणं, ही कामं हळू धावूनही होतात. त्यांना हवे असतात तास, आणि ते तास पुन्हापुन्हा हवे असतात. आपल्या धावणाऱ्याचा आरामाचा पेस ७:०० ते ७:२०. म्हणजे मॅरेथॉनच्या ठरवलेल्या पेसपेक्षा (६:२४, त्याचा हिशेब शेवटी येईल) किलोमीटरला ३५-५५ सेकंद हळू. सोबत कोणी असेल तर गप्पा मारता आल्या पाहिजेत. एकटे असाल तर मोठ्याने तीन-चार ओळी म्हणून पाहा. मध्येच श्वासासाठी थांबावं लागलं, तर पेस उतरवा.

घड्याळाच्या ठोक्यांवर फार विसंबू नका. हृदयाच्या कमाल ठोक्यांसाठीचं '२२० वजा वय' हे सूत्र सरासरीचं आहे. एखाद्या माणसाच्या बाबतीत त्यात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, आणि त्या सूत्रावर बेतलेले सगळे झोन, म्हणजे हळू-जोरात धावण्याच्या ठोक्यांचे टप्पे, तेवढेच सरकतात. मनगटावरच्या सेन्सरची आणखी एक खोड आहे: पट्टा सैल असला किंवा हात गार पडला, की तो नाडीऐवजी पावलांची लय मोजू लागतो. आरामात धावताना पहिल्या पाच मिनिटांतच १७० ठोके दिसले आणि तुमची पावलंही मिनिटाला साधारण १७० पडत असतील, तर तो आकडा हृदयाचा नाही. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवून घट्ट करा. ठोके नीट हवेच असतील तर छातीचा पट्टा घ्या.

लाँग रन

अठरा आठवड्यांचे रविवार, किलोमीटरमध्ये: १४, १६, १८, १४. मग २०, २२, २४, १६. मग २४, २६, एखादी हाफ मॅरेथॉन स्पर्धा, १८. मग २८, २२, २८. मग उतरण: २०, १३, आणि अठराव्या रविवारी स्पर्धा. दर चौथ्या आठवड्याला आकडा मुद्दाम खाली आणला आहे. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात. हाडं आणि स्नायुबंध महिने घेतात. दम आहे म्हणून अंतर वाढवत नेलं की नडगी किंवा टाच कुरकुरते, ती याच तफावतीमुळे.

यात ३२ किंवा ३५ नाही, हे बघून कोणी तरी दचकेलच. ३२ किलोमीटरचा आग्रह जुना आहे आणि मैलांतून आला आहे: वीस मैल म्हणजे ३२ किलोमीटर. किलोमीटरला पाच मिनिटांनी धावणाऱ्याचे ते २ तास ४० मिनिटांत होतात. सात मिनिटांनी धावणाऱ्याला ३ तास ४४ मिनिटं लागतात. शरीराला कळते ती वेळ. आठवड्याला पाच तास धावणाऱ्याने त्यातले पावणेचार एका सकाळी खर्च केले, तर मंगळवार आणि गुरुवार दोन्ही वाया जातात. सव्वातीन तासांवर थांबावं असं माझं मत आहे. आपल्या धावणाऱ्याचे त्यात २८ किलोमीटर होतात. आणखी हवंच असेल, तर तेराव्या किंवा पंधराव्या आठवड्यात शनिवारी १० आणि रविवारी २४ असं तोडून घ्या. थकल्या पायांनी सुरुवात करायचा सराव होतो आणि रविवारची दुपारही घरच्यांना मिळते.

सगळे लाँग रन एकाच पेसने करू नका. नवव्या आठवड्यापासून एक आड एक रविवारी शेवटचे ६ ते १० किलोमीटर मॅरेथॉनच्या पेसने धावा. २६ पैकी १७ आरामात आणि ९ किलोमीटर ६:२४ ने. अठरापर्यंत पेस सोपा वाटतो, बावीसनंतर तोच पेस पायांकडे मागावा लागतो. स्पर्धेतलंच जेल (छोट्या पाकिटातली घट्ट, गोड कर्बोदकं) घ्यायचं, त्याच बुटांत धावायचं, त्याच चड्डीने मांडी सोलवटते का हे बघायचं, ते सगळं याच रविवारी.

रन बुडतो तेव्हा

बुडणारच. अठरा आठवड्यांत सुमारे सत्तर रन होतात. त्यातले दहा-बारा ऑफिस, ताप, पाहुणे आणि झोप खाऊन टाकतील. तयारी त्याने बिघडत नाही. बिघडते ती बुडालेला रन दुसऱ्या दिवशी जोडून घेण्याने. मंगळवारचा टेम्पो गुरुवारी आणि गुरुवारचा तास शुक्रवारी ढकलला, की रविवारच्या आधी सलग तीन दिवस लागतात. गेला तो गेला.

काय सोडायचं त्याचा क्रम आधीच ठरवून ठेवा, म्हणजे पहाटे पावणेपाचला अंथरुणात वाटाघाटी होत नाहीत. सर्वांत आधी शनिवारचा हलका रन सोडा. मग गुरुवारचा तास ३० मिनिटांवर आणा. मग मंगळवारच्या तीन टप्प्यांचे दोन करा. लाँग रन सर्वांत शेवटी, आणि तोही सलग दोन रविवार नाही. वीस मिनिटांचा रनही रनच आहे. दमसास वाढवायला तो फारसा कामाचा नाही, पण स्नायुबंधांना कामाची सवय राहते आणि पुढचा रन परका वाटत नाही.

आठवडाभर काहीच झालं नाही, तर तक्त्यात पुढे जा, फक्त पहिला रन हलका ठेवा. दहा दिवसांत दमसास फारसा उतरत नाही. दोन आठवडे गेले, तर शेवटचा झालेला लाँग रन पुन्हा करा आणि तिथून पुढे जा. चार आठवडे गेले आणि स्पर्धेला सहाच उरले, तर वेळेचं लक्ष्य सोडून द्या किंवा हाफला नाव बदलून घ्या.

रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर टेम्पो करू नका. हलकं धावा, नाही तर सरळ झोपा. सर्दी फक्त नाकापुरती असेल तर हलका रन चालतो. ताप, छातीत कफ किंवा अंगदुखी असेल तर अजिबात नाही. विषाणूच्या आजारात ताण दिल्याने हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो, तिथे जिद्द उपयोगाची नाही.

वेळ काढायच्या दोन जागा सहसा दुर्लक्षित राहतात. एक म्हणजे ऑफिसहून घरी येणं. गुरुवारचा तास प्रवासातच उरकला तर वेगळा वेळ द्यावा लागत नाही. लॅपटॉप ऑफिसात ठेवा, कपडे आदल्या दिवशी नेऊन ठेवा, आणि पाठीवरचं ओझं दीड-दोन किलोच्या वर जाऊ देऊ नका. छातीवरचा पट्टा नसलेली पिशवी दर पावलाला खांदे ओढते. दुसरी जागा ट्रेडमिल. कंटाळवाणी खरी, पण घरात लहान मूल झोपलेलं असताना किंवा बाहेरगावी मुक्काम असताना टेम्पो तिथे उत्तम होतो. एक टक्का चढ लावायलाच हवा, हा सल्ला वेगात धावणाऱ्यांसाठी आहे. सात मिनिटांच्या पेसला हवेचा विरोध इतका किरकोळ असतो, की शून्यावर ठेवलं तरी चालतं.

दुखणं

धावताना काही ना काही दुखतंच, म्हणून कुठलं दुखणं ऐकायचं ते माहीत हवं. दहापैकी तीनपर्यंतचं, धावताना न वाढणारं आणि दुसऱ्या सकाळी गेलेलं दुखणं चालवून घ्या. ज्याने चाल बदलते, एक पाय वाचवून टाकावा लागतो, ते तिथेच थांबवा आणि चालत घरी या. नडगीवर किंवा पावलाच्या वरच्या बाजूला एका बोटाने दाखवता येईल अशी जागा दुखत असेल, एका पायावर उडी मारली की कळ येत असेल किंवा रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी. गोळी खाऊन रविवार उरकायचा नाही, डॉक्टरांकडे जायचं.

ताकदीची वीस मिनिटं बहुतेकांच्या वेळापत्रकातून सर्वांत आधी जातात. निदान पोटरीचा व्यायाम सोडू नका. पायरीच्या कडेवर फक्त चवडे ठेवायचे, दोन्ही पायांनी वर जायचं, एक पाय उचलायचा आणि दुसऱ्याने तीन मोजत टाच पायरीच्या खाली न्यायची. १५ वेळा गुडघा सरळ, १५ वेळा किंचित वाकवून. वाकवला की पोटरीचा खोलवरचा स्नायू, सोलिअस, कामाला लागतो आणि धावताना सर्वाधिक भार त्याच्यावरच असतो. त्याला एका पायाचे स्क्वॉट, ब्रिज आणि बाजूचा प्लँक जोडले की झालं. टाचेच्या अगदी तळाशी, हाडाला चिकटून दुखत असेल तर मात्र टाच पायरीखाली नेऊ नका, सपाट जमिनीवर करा.

बूट

कार्बन प्लेटच्या बुटांबद्दल इतकं लिहिलं जातं, की मापाबद्दल कोणी लिहीत नाही. लांब धावण्यात पाय सुजतात. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, आणि ते माप संध्याकाळी घ्यावं. काळी पडलेली नखं ही बहुतेकदा आखूड बुटांची किंवा सैल बांधलेल्या लेसची करामत असते. पाय आत पुढे सरकतो आणि उतारावर दर पावलाला नख आदळतं.

त्याला उपाय म्हणून बुटाच्या वरच्या टोकाला, किंचित मागे, एक जादा भोक दिलेलं असतं. बहुतेक जण ते रिकामंच ठेवतात. नेहमीसारखी लेस शेवटून दुसऱ्या भोकापर्यंत आणा. आता ती समोरच्या बाजूला न नेता त्याच बाजूच्या जादा भोकात बाहेरून आत घाला, पण पूर्ण ओढू नका, बोट जाईल एवढा छोटा फास राहू द्या. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग प्रत्येक टोक समोरच्या फासातून काढा, टाच मागे नीट बसवा, दोन्ही टोकं खालच्या दिशेने ओढा आणि गाठ मारा. टाच जागची हलत नाही, आणि पावलाच्या वरच्या भागावर लेस करकचून आवळावीही लागत नाही.

बुटांची एक जोडी साधारण ५०० ते ८०० किलोमीटर जाते. वरून चांगली दिसते म्हणून फसू नका, आधी फोम मरतो. स्पर्धेची जोडी नवी नको आणि संपलेलीही नको. एक लाँग रन धरून ६०-८० किलोमीटर त्यात झालेले असावेत.

इंधन

धावायला दर किलोला, दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी लागते. ७० किलोच्या माणसाला ४२.१९५ किलोमीटरसाठी सुमारे २,९५० कॅलरी. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीराने साठवलेल्या कर्बोदकांचा, साठा असतो सुमारे २,००० कॅलरींचा. बाकीचं चरबीतून येतं, पण चरबी हळू जळते. पेस जितका जास्त, तितका ग्लायकोजेनचा वाटा मोठा. सुरुवातीला किलोमीटरला पंधरा सेकंद जास्त वेगाने पळालं की साठा लवकर रिकामा होतो आणि तीस-बत्तीसला पाय बंद पडतात. ज्याला 'भिंत' म्हणतात ती हीच. तिथे मनाच्या कणखरपणावर भाषणं दिली जातात. खरं तर ती आठव्या किलोमीटरला केलेली चूक असते.

म्हणून धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. २५ ग्रॅमचं एक जेल दर अर्ध्या तासाने घेतलं तर तासाला ५० ग्रॅम होतात. साडेचार तासांसाठी पहिलं अर्ध्या तासाला आणि शेवटचं चार तासांवर, अशी आठ जेल. भूक लागल्यावर किंवा गळल्यासारखं वाटल्यावर घेतलेलं जेल उशिराचं असतं. जेल पाण्यासोबत घ्या, स्पोर्ट्स ड्रिंकसोबत नको. दोन्हींची साखर एकदम पोटात गेली की मळमळ होते. आतड्यांनाही सराव लागतो. नवव्या आठवड्यात तासाला एका जेलने सुरुवात करून पंधराव्यापर्यंत पूर्ण मात्रेवर या. फाडायची कड आधीच अर्धी फाडून ठेवा. घामेजल्या बोटांनी तिसाव्या किलोमीटरला ते पाकीट उघडत नाही आणि दातांनी फाडलं की निम्मं हातावर येतं.

पाण्याचं मोजमाप घरीच होतं. तासभर धावायच्या आधी आणि नंतर, अंग पुसून, कपड्यांशिवाय वजन करा. ७०.० चं ६९.१ झालं आणि मध्ये ४०० मिली प्यायलं, तर त्या हवेत तासाला १.३ लिटर घाम जातो. तेवढं सगळं भरून काढायचं नसतं. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास घट चालते. जास्त पाणी पिणं हा उलट मोठा धोका आहे. रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, उलटी होते, गोंधळल्यासारखं होतं, जीवही जाऊ शकतो. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं होतं, आणि त्यात धावताना वजन वाढलेले व चार तासांहून जास्त वेळ घेणारे ठळक होते. हळू धावणाऱ्याला प्यायला वेळही जास्त मिळतो. तहानेप्रमाणे प्या. आणि आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं स्पर्धेच्या दिवशी घेऊ नका. मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो.

शेवटच्या दोन दिवसांत किलोला ८ ते १० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे ७० किलोला रोज ५६० ते ७००. हा आकडा वाचताना छोटा वाटतो. १०० ग्रॅम शिजवलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम असतात, एका मध्यम केळ्यात २७. नुसत्या भातावर गेलं तर दोन किलोच्या वर भात होतो. म्हणून ज्यूस, जॅम, पाव अशी कमी चोथ्याची कर्बोदकं दिवसभर थोडी थोडी. तेल आणि कोशिंबिरी कमी करा. वजन किलो-दीड किलो वाढेल, ते पाणी आहे. ग्लायकोजेनच्या दर ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं.

लक्ष्य आणि स्पर्धेचा दिवस

पीट रीगल या अमेरिकन अभियंत्याने १९७७ मध्ये एक सूत्र मांडलं: नवी वेळ म्हणजे जुनी वेळ गुणिले अंतरांच्या गुणोत्तराचा १.०६ वा घात. हाफवरून फुलसाठी २.०८५ ने गुणायचं. २ तास ७ मिनिटांचे ४ तास २५ मिनिटं होतात. पाच तासांच्या आठवड्यावर ते जरा आशावादी आहे. हाफ दुप्पट करून त्यात पंधरा-वीस मिनिटं घाला. आपल्या धावणाऱ्यासाठी ४:३०, किलोमीटरला ६:२४.

हा ६:२४ घड्याळावर लावताना एक फसगत होते. मार्ग मोजतात तो वळणांच्या आतल्या कडेने, सर्वांत जवळच्या रेषेने, आणि तो आखूड भरू नये म्हणून हजारात एक एवढी भर घालून. तुम्ही गर्दीत नागमोडी धावता. शेवटी घड्याळ ४२.६ दाखवतं आणि ६:२४ च्या सरासरीला ४:३० ऐवजी ४:३२:३८ लागलेले असतात. घड्याळावर ६:२० धरा, आणि रस्त्यावरच्या पाट्यांशी दर पाच किलोमीटरला ताळा करा.

टेपरच्या, म्हणजे स्पर्धेआधीच्या उतरणीच्या, दोन-तीन आठवड्यांत किलोमीटर ४० ते ६० टक्क्यांनी उतरवा, पण टेम्पोचे टप्पे संख्येने कमी करून ठेवाच. पूर्ण थांबलं की पाय बोजड होतात. रिकाम्या वेळात गुडघा दुखल्याचा भास जवळजवळ सगळ्यांना होतो. त्याच वेळी घर आवरायला काढू नये, शिडीवर चढू नये.

सकाळी सुटण्याच्या तीन तास आधी खाणं, तेही लाँग रनला पचलेलं. मांड्या, काख आणि छातीवर पेट्रोलियम जेली. पुरुषांनी स्तनाग्रांवर चिकटपट्टी. पहिले पाच किलोमीटर ६:३० ने. बाकीचे सगळे पुढे जातील, जाऊ द्या. 'सुरुवातीला वेळ कमावून ठेवू' हा हिशेब मॅरेथॉनमध्ये चालत नाही. पुढे मिळवलेली दोन मिनिटं शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये दहा मिनिटं घेऊन जातात. २०२३ मध्ये शिकागोला केल्विन किप्टमने २:००:३५ चा विक्रम केला, तेव्हा त्याचा पहिला अर्धा भाग १:००:४८ चा आणि दुसरा ५९:४७ चा होता. हौशी धावणाऱ्याला दुसरा भाग वेगाने नाही जमला तरी हरकत नाही, पण तो पाच मिनिटांहून जास्त हळू जाऊ नये. गरम हवा असेल तर लक्ष्य सुरुवातीच्या रेषेवरच दहा-पंधरा मिनिटांनी सैल करा, पंचविसाव्या किलोमीटरला नाही.

पाण्याच्या टेबलांपैकी पहिल्यावर झुंबड असते, शेवटच्या टेबलाकडे जा. कप वरून धरून काठ चिमटा, चोच तयार होते. तिथून घोट घ्या, नाकात जात नाही. तेवढी दहा-पंधरा पावलं चालत घेतलीत तरी एकूण वेळेत मिनिटभराचा फरक पडतो.

संपल्यावर लगेच बसू नका, दहा-पंधरा मिनिटं चालत राहा. एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं आणि चक्कर येते. कोरडे कपडे आणि सैल चपला सामानाच्या पिशवीत सर्वांत वर असाव्यात, कारण वाकून तळाशी शोधाशोध करणं तेव्हा जमत नाही. पुढचे सात दिवस धावणं नाही, चालणं चालेल. जिने दोन दिवस कठडा धरून उलटे उतरा. नखाखाली रक्त साकळून ठणकत असेल तर घरी सुई तापवून टोचू नका, दवाखान्यात दाखवा. ठणकत नसेल तर तसंच सोडा. खालून नवीन आलं की काही महिन्यांत ते आपोआप सुटतं.